देइशो : दोन कडव्यांत सहा वेळा

त्या दिवशी सगळी सकाळ एका क्रियापदात गेली. स्पेनच्या गॅलिशिया प्रांतातल्या कवयित्री रोसालिया दे कास्त्रो यांच्या १८६३ च्या, तिथल्या गॅलिशियन भाषेतल्या संग्रहातली, गाव सोडून समुद्रापार निघालेल्या माणसाची कविता मराठीत आणत होतो. लागोपाठच्या दोन कडव्यांत ‘देइशार’ सहा वेळा येतं. पाच वेळा ‘देइशो’, म्हणजे मी सोडतो, आणि शेवटी नुसतं ‘देइशार’.

मूळ लॅटिन ‘लाक्सारे’, म्हणजे सैल करणं. मध्ययुगीन गीतांत ते ‘लेइशार’ असं दिसतं. पुढे ‘ल’चा ‘द’ का झाला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपलं ‘सोडणं’ही असंच: गाठ सोडतो, सिगारेट सोडतो, गावही सोडतो. ‘देइशार दे फुमार’ म्हणजे सिगारेट सोडणंच. म्हणून ‘त्यागणे’ पहिल्याच फेरीत बाद केलं. त्यात संन्यास येतो, हातातून सैल होणारी पकड येत नाही.

‘सुटणं’ मात्र फार मोहात पाडणारं. ‘गाव सुटलं’ म्हटलं की मराठी वाचकाला सगळं कळतं, खुलासा लागत नाही. पण तिथे कर्ता गाव होतो. इथे घर, गाव, मित्र, मळा, जे जे प्रिय ते सगळं माणूस स्वतःच्या तोंडाने ‘सोडतो’ म्हणतोय, आणि टोचतं ते हेच. सहाही ठिकाणी ‘सोडणं’च ठेवलं. एका जागी जरी शब्द बदलला असता, तरी तो घाव पुन्हा पुन्हा बसला नसता.

खरी चूक भलतीकडेच होती. ‘आमीगोस पोर एस्त्राञोस’चं मी आधी ‘परक्यांसाठी मित्र सोडतो’ केलं होतं. हा ‘पोर’ बदल्यातला आहे. ‘साठी’ लिहिलं की परक्यांच्या प्रेमापोटी निघाल्यासारखं वाटतं. ‘मित्र सोडतो, परक्यांत जातो’ केल्यावर ओळ बसली.

‘देइशो’त बोलणारा पुरुष की बाई, हे कळत नाही, मराठीला ‘सोडतो’ की ‘सोडते’ ठरवावंच लागतं. शेवटाकडे ‘केरिदिञा’ अशी हाक आहे. ही स्त्रीला, लाडाने मारलेली हाक. तिच्या आधारावर ‘सोडतो’.

सहाव्या वेळी कर्मच नाही. काय सोडायचं ते सांगून संपलेलं असतं. ‘सोडावं लागलं नसतं तर’ लिहून खोडलं, कारण मुळात ‘पुदेरा’ आहे, म्हणजे जमण्याची इच्छा. शेवटी चार शब्द राहिले: ‘न सोडता येतं तर!’