तुम्ही विचारलंत म्हणून: शेवाळी करडा की निळसर करडा?

घरी येणारं कुणीही बाहेरच्या खोलीतल्या गडद भिंतीपाशी थांबतं आणि विचारतं, "दोन्ही शेड जवळपास सारख्याच होत्या म्हणता, मग हीच कशी ठरवलीत?" खरंच, शेडकार्डावर दोन्ही ओल्या पाटीसारख्या दिसायच्या. एकीला शेवाळी झाक, दुसरीला निळी, एवढाच फरक.

आधी माझी चूक सांगते. रंगाऱ्याकडून मी दोन्हींचे पट्टे भिंतीवर शेजारी शेजारी मारून घेतले. शेवाळी एकदम हिरवीगार वाटायला लागली आणि निळी थेट शाईसारखी. शेजारचा रंग डोळ्याला फसवतो. पॅरिसच्या गोब्लँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यातल्या काळ्या धाग्यांबद्दल तक्रारी आल्या, तेव्हा रसायनतज्ज्ञ शेव्रल यांना हेच आढळलं होतं. काळ्या रंगात खोट नव्हती, शेजारचे निळे-जांभळे धागे त्याला निस्तेज करत होते. १८३९ मध्ये त्यांनी ते सविस्तर मांडलं.

मग मी दोन मोठे पुठ्ठे आणले. प्रत्येकाला दोन हात दिले, कडेने पांढरी पट्टी सोडली, म्हणजे जुन्या भिंतीचा पिवळा मध्ये येणार नाही. आणि एका वेळी एकच पुठ्ठा टेकवून ठेवला, दोन-दोन दिवस.

आमची खिडकी उत्तरेची. उत्तरेचा उजेड नेहमी थंड असतो, हे लंडनकरांनी म्हणावं. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारीही सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि उन्हाळ्यात मावळतीचं ऊन तिरपं आत येतं. त्या उन्हात दोन्ही रंग छान दिसले. पण पावसाळी दुपारी निळा पार गारठला आणि ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली तर जास्तच. २७०० च्या पिवळ्या दिव्यात मात्र शेवाळी मऊ झाला. आम्ही त्या खोलीत बसतो ते दिवेलागणीनंतरच.

तरी मन पूर्ण तयार नव्हतं. शेवटी पुठ्ठे आजीच्या सागवानी कपाटामागे धरून पाहिले. निळ्यापुढे साग भडक नारिंगी दिसला. शेवाळी धरला तशा लाकडाच्या रेषा दिसायला लागल्या, पितळी कड्या उजळल्या. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "कपाट पॉलिश केलंस का गं?"

रंगाऱ्याला मी तेव्हाच फोन केला.