‘येतो’ म्हणायचं राहून जायचं

मागच्या मे महिन्यात आमच्या घरी कूलरच्या पाण्यावरून भांडण झालं. पारा ४५ च्या वर, टाकी कोरडी, आणि मी ऑफिसातून आल्या आल्या विचारलं, “पाणी कोणीच नाही भरलं का?” दहा मिनिटांत विषय बायकोच्या बाबांवर गेला. ते यवतमाळला दवाखान्यात होते, तेव्हा मी दोन दिवस उशिरा पोचलो होतो. त्याला नऊ वर्षं झाली. मग नेहमीसारखी मी स्कूटर काढली आणि नागपुरातल्या फुटाळा तलावावर जाऊन बसलो. अकराला परतलो तर ताट झाकलेलं होतं आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली.

सतरा वर्षं हेच चाललं होतं. मी आवाज चढवत नाही, विषय वाढवत नाही, उठून जातो, म्हणजे संसार मीच सांभाळतोय असं मला मनापासून वाटायचं.

दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जायचं तिनेच काढलं. मी महिनाभर टाळलं. मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला लोक आजही ‘पागलखाना चौक’ म्हणतात, त्या शहरात अशा ठिकाणी पाय टाकणं सोपं नाही. मावसभावाला कळलं तर तो म्हणाला, “काऊन बापा, कोर्टात गेले का तुम्ही?” त्याचंही चूक नाही. १९८४ च्या कायद्याने कुटुंब न्यायालयं आली, तिथे समुपदेशक असतात, आणि आपल्याकडे बहुतेकांची समुपदेशकाशी गाठ पडते ती अर्ज दाखल झाल्यावरच.

धरमपेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या समुपदेशक बाईंकडे मी मोबाईलमध्ये तारखांसकट मुद्दे लिहून गेलो होतो. कोण बरोबर ते या बाई सांगतील, अशी माझी समजूत होती. त्यांनी मुद्दे ऐकलेच नाहीत. लग्न कसं जमलं, पहिली दोन वर्षं कशी गेली, हेच विचारत बसल्या. एकट्याने सांगितलेली गोष्ट दोघांच्या नात्यावर परिणाम करणारी असेल तर ती आपण दुसऱ्यापासून लपवून ठेवणार नाही, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं.

पुढच्या खेपेला दोघांना वेगवेगळं बोलावलं. माझ्या बायकोला त्यांनी विचारलं, “घरात यांची भीती वाटते का? कधी हात उगारलाय का?” तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा मला राग आला होता. आता तो प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जिथे मारहाण आहे, धाक आहे, तिथे दोघांना शेजारी बसवून मोकळं बोलायला लावणं धोक्याचं असतं. तिथे बोललेल्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. तिथे आधी सुरक्षितता, १८१ ही महिला हेल्पलाइन, कायद्याची मदत. कोणी वाचत असेल तर हे नक्की लक्षात ठेवा.

चौथ्या खेपेला कूलरचा विषय पुन्हा निघाला. तिसऱ्या वाक्यालाच बाईंनी थांबवलं आणि मला स्वतःची नाडी मोजायला सांगितली. १०८. नुसता खुर्चीत बसलो होतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना यंत्रं लावून त्यांची भांडणं तपासली. ठोके शंभरावर गेले की समोरच्याचं ऐकणं आणि समजणं अवघड होतं, आणि शरीर शांत व्हायला निदान २० मिनिटं लागतात, असं ते सांगतात. म्हणजे उठून जाणं मुळात चूक नव्हतं.

मग बाई तिच्याकडे वळल्या. “हे उठतात तेव्हा तुम्हाला काय होतं?”

ती बराच वेळ ओढणीचं टोक गुंडाळत राहिली. म्हणाली, “तुम्ही दार ओढून घेता ना, त्या आवाजाने पोटात खड्डा पडतो. बाबा गेले तेव्हा एकटीच होते मी. तसंच वाटतं. म्हणून मी दारापर्यंत बोलत येते.”

मला वाटायचं, ती भांडायला मागे येते.

जोडप्यांच्या समुपदेशनाची एक पद्धत स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८० च्या दशकात मांडली. त्यात बघतात ते हेच, एकजण पाठलाग करतो, दुसरा आणखी आत जातो, आणि दोघंही घाबरलेले असतात. ते चक्र एकदा दिसलं की वैरी समोरचा माणूस राहत नाही.

आम्ही अकरा वेळा गेलो. आधी दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी. सगळं मिटलं का? नाही. माझ्या आईचं आमच्याकडे राहणं, पैसे, यावर आमची मतं आजही वेगळी आहेत. गॉटमन तर म्हणतात की जोडप्यांच्या वादांपैकी ६९ टक्के कधीच पूर्ण सुटत नाहीत. घटस्फोटाच्या दारात गेल्यावरच जायचं असतं, हे मात्र मला मुळीच पटत नाही. बाळ झाल्यावर, निवृत्तीनंतर, विश्वास तुटून दोघांनाही तो जोडायचा असेल तेव्हा जावं. वेगळंच व्हायचं ठरलं असेल, तरी मुलांसाठी नीट वेगळं व्हायला जावं. लवकर जावं. आमची दहा वर्षं नुसती गेली, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. मी सतरा वर्षं काहीच न म्हणता निघत होतो. परवा पुन्हा आवाज चढले, कारण आता आठवतही नाही. मी चावी उचलली, दाराशी थांबलो आणि म्हणालो, “डोकं तापलंय. अर्ध्या तासात येतो.”

ती म्हणाली, “या. चहा तेव्हाच टाकते.”