निरभ्र आभाळाखाली चढणारा नाला

सह्याद्रीत ओढा का फुगला हे कुणाला विचारावं लागत नाही. वर पाऊस कोसळला की पाणी गढूळ होऊन चढतं, पाऊस थांबला की काही तासांत ओसरतं. हीच सवय घेऊन आपल्याकडची मंडळी मे-जूनच्या सुट्टीत हिमाचलात जातात, आणि तिथे ती सवयच घात करते. तिथला वसंतातला पूर बर्फ वितळून येतो. आभाळ जितकं स्वच्छ आणि ऊन जितकं कडक, तितका दुपारचा नाला वाईट.

थोडा हिशेब करू. नाल्याच्या वरच्या खोऱ्यात १० चौरस किलोमीटरवर बर्फ आहे आणि उन्हाने दिवसभरात त्यातून २० मिलिमीटर पाणी सुटलं, तर ते २० कोटी लिटर होतं. पावसाचा एक थेंबही न पडता. हे पाणी दिवसभर सारखं वाहत नाही. बर्फ सर्वात जास्त वितळतो दुपारी, ते पाणी बर्फाच्या थरातून झिरपून खाली यायला वेळ लागतो, म्हणून लहान नाला साधारण ३ ते ६ च्या दरम्यान भरतो. खोरं मोठं असेल तर रात्रीसुद्धा. रात्रीच्या गारठ्याने वितळणं थांबतं आणि पहाटे ५ ते ८ या वेळात पाणी सर्वात कमी असतं. हंपता खिंडीच्या वाटेवर शिया गोरूजवळचा नाला वाटाडे सकाळी लवकर ओलांडायला लावतात, ते याचसाठी. सकाळी पोटरीपर्यंत असलेलं पाणी संध्याकाळी मांडीला लागू शकतं.

पण पहाटेवरही आंधळा विश्वास नको. रात्र ढगाळ गेली तर जमिनीची उष्णता ढगांखाली अडकते, बर्फ नीट गोठत नाही आणि सकाळी पाणी उतरलेलंच नसतं. तंबूबाहेरच्या डबक्यावर पापुद्रा धरला नसेल तर सावध व्हावं. बर्फावर पाऊस पडला की पूर येतो, हे खरं, पण पावसाच्या उबेने फार बर्फ वितळत नाही: १० अंशांचा १० मिलिमीटर पाऊस जेमतेम सव्वा मिलिमीटर बर्फ वितळवतो. खरं काम करतो तो दमट, उबदार वारा. हवेतली १ किलो वाफ बर्फावर पाणी होऊन बसली की त्या उष्णतेने सुमारे ७ किलो बर्फ वितळतो. म्हणून ढगाळ, वाऱ्याची, भुरभुर पावसाची रात्र मला कडक उन्हापेक्षा जास्त धोक्याची वाटते.

नाला ओलांडायला जागा शोधताना अरुंद जागा टाळा. अरुंद म्हणजे खोल आणि ओढीची. पात्र पसरून दोन-तीन धारा झालेली जागा बघा, आणि तिच्या खालच्या अंगाला काय आहे तेही बघा. धबधबा, मोठ्या धोंड्यांची गर्दी किंवा आडवं पडलेलं झाड असेल तर तिथे उतरू नका; झाडातून पाणी जातं, माणूस अडकतो. एक काटकी पाण्यात टाका आणि काठाने चाला. ती तुमच्या चालीपेक्षा वेगाने गेली आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत फिरा. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. तळातून धोंडे गडगडत असल्याचा आवाज आला तर काटकीचीही गरज नाही.

पाण्यात उतरण्याआधी सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा. अनवाणी जाऊ नका: पाणी शून्याच्या जवळ असतं, पाऊल मिनिटभरात बधिर होतं आणि दगड कळत नाही. मोजे आणि बुटातला आतला तळ काढून ठेवा, बूट घालून जा, पलीकडे मोजे कोरडे मिळतील. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच आधार हलवायचा, पाय उचलून टाकायचा नाही तर सरकवायचा, आणि थोडं तिरकं खालच्या बाजूला जायचं. तिघं-चौघं असाल तर एकामागे एक उभे राहा, सर्वात दणकट माणूस वरच्या अंगाला. कुणाच्याही कमरेला दोर बांधू नका, पडलेल्या माणसाला ताणलेला दोर पाण्याखाली दाबून ठेवतो. पडलातच तर सॅक सोडा, पाठीवर या, पाय पुढे आणि वर ठेवा. वाहत्या पाण्यात उभं राहायची घाई केली तर पाऊल धोंड्यांत अडकतं.

बर्फाचा पूल वरून जाड दिसतो, पण खालचं पाणी त्याला पोखरत असतं. मधोमध खचलेला, करडा-ओला दिसणारा, कडेच्या खडकापासून सुटलेला पूल सोडून द्या. बाकीचे सकाळी, काठीने चाचपत, एकेकाने ओलांडायचे.

वाटाही याच दिवसांत बिघडतात. गद्दी मेंढपाळ आणि गावकरी टाकतात ते ओंडक्यांचे पूल वाहून जातात, म्हणून गेल्या वर्षीच्या नकाशावरचा पूल गावात विचारून घ्यावा. उतारावर रात्री भेगांत गोठलेलं पाणी उन्हाने सुटलं की दगड निखळतात, तो पट्टा ऊन पडायच्या आत पार करावा. आणि चिखलाच्या वाटेवर कृपा करून मधूनच चाला. कडेने गवतावरून गेलं की तिथली जमीन उघडी पडते, पुढचं पाणी तिथून वाहतं, आणि दोन-तीन वर्षांत एका पायवाटेच्या जागी तीन घळी होतात.

मोठ्या नदीचं गणित वेगळं, कारण वर धरण असू शकतं. ८ जून २०१४ ला बियासवर थलौटजवळ लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ते पात्रातल्या दगडांवर फोटो काढत होते. धरणाच्या इशाऱ्याच्या भोंग्याची वाट न बघता पात्रापासून लांब राहावं. पाणी अचानक कमी झालं तरीही वर चढा: वर कुठेतरी हिमस्खलनाने किंवा दरडीने प्रवाह अडला असू शकतो, आणि तो बांध फुटतो.

दुपारनंतर नाल्याशी पोचलात तर अलीकडेच, काठापासून उंचावर तंबू लावा. पाण्याच्या रेषेवर एक दगड ठेवा आणि तासाने बघा. कार्यक्रमात त्यासाठी एक मोकळा दिवस आधीच धरा, परतीचं तिकीटही त्याच हिशेबाने काढा.