मारत तर नाही ना?

नऊ वर्षं माझं एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात होतं. नोकरी माझी, शाळेत. पगार झाल्याचा मेसेज मात्र त्याच्या मोबाइलवर. मला रोज सकाळी फ्रिजवरच्या वाटीत बसभाड्याचे पैसे मिळायचे आणि संध्याकाळी तिकिटं त्याच वाटीत टाकायची. हिशोब जुळला नाही की रात्री दीड-दीड वाजेपर्यंत उलटतपासणी. हात त्याने कधीच उचलला नाही. आई विचारायची, "मारत तर नाही ना? मग कशाला ताणतेस?" मलाही ते पटायचं.

एकदा मी वडापाव खाल्ला. ते पैसे जुळवायला स्टँडवर पडलेलं कुणाचं तरी तिकीट उचलत होते आणि शाळेतल्या एका बाईंनी पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनीच स्वतःच्या फोनवरून 181, म्हणजे महिला हेल्पलाइनचा नंबर, लावून दिला. (माझा फोन तो रोज तपासायचा.)

त्याआधी एकदा पोलीस चौकीत जाऊन "घरातलं घरात मिटवा, ताई" ऐकून आले होते, त्यामुळे फारशी आशा नव्हती. हेल्पलाइनवरून संरक्षण अधिकाऱ्यांचा, म्हणजे घरगुती हिंसेच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांचा, पत्ता मिळाला. तिथल्या मॅडम घटना अहवालाचा फॉर्म भरायला बसल्या आणि एकेक प्रकार वाचू लागल्या. मारहाण? नाही. मग आर्थिक हिंसा: पगार जबरदस्तीने काढून घेणे, न सांगता स्त्रीधन गहाण टाकणे. मी म्हटलं, "मॅडम, परत वाचा." माझ्या घरातली गोष्ट सरकारी फॉर्मात आधीच छापलेली होती! 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात हे सगळं आहे आणि मी शिकलेली बाई असून मला पत्ता नव्हता.

वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळाल्या. बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्याच कायद्याच्या कलम 12 खाली कोर्टात अर्ज केला. कायदा म्हणतो 60 दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा. मला चौदा महिने लागले. पण अंतरिम आदेश बराच आधी आला: मला घराबाहेर काढायचं नाही, शाळेत येऊन त्रास द्यायचा नाही. फ्लॅट त्याच्या नावावर आहे, तरीही.

सगळ्यात उपयोगी पडलं ते पासबुक. छापून आणलं तर दर महिन्याला पगाराच्या दुसऱ्याच दिवशी खातं रिकामं, ओळीने नऊ वर्षं. अर्जाआधी मी दुसऱ्या बँकेत खातं उघडून पगार तिकडे वळवला होता, तेही वकीलबाईंच्या सांगण्यावरून. आणि नोटीस पोचली त्या आठवड्यात मुलीला घेऊन मावशीकडे राहिले. तो आठवडा खरंच भीतीचा होता.

त्याने गहाण टाकलेल्या माझ्या बांगड्या अजून परत मिळालेल्या नाहीत. त्यासाठी कोर्टाची पुढची तारीख 27 ला आहे.