फुंकर मारून ओळखलेला ओक
आमच्या स्मोकरमधली, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस शिजवायच्या भट्टीतली, पहिली कोंबडी कडू झाली. मसाला नेहमीचाच, आईकडून आलेला कांदा-लसणाचा. पण जिभेवर चुरचुर राहिली, घशात राखेसारखं काहीतरी अडकलं आणि मुलाने दुसरा घास घेतलाच नाही. पाच तास आगीपाशी बसून शिजवलेलं अन्न टाकून द्यावं लागलं. त्याचं मला फार वाईट वाटलं.

टेक्सासात ऑस्टिनला येऊन आम्हाला चार वर्षं झाली. धुरावरच्या मांसासाठी नावाजलेल्या लॉकहार्ट गावी जाऊन तिथलं मांस खाल्लं आणि घरी असं काही जमवायचंच, हे मनाने घेतलं. ऑफसेट स्मोकर आणला. आडवं लोखंडी पिंप आणि बाजूला आगीची पेटी. आग पेटीत, मांस पिंपात, मधून वाहतो तो फक्त धूर आणि ऊब. म्हणजे लाकूड हे इथे जळणही आणि मसालाही. आणि नेमकं तेच मी रस्त्याकडेच्या एका ढिगातून, विक्रेता 'ओक' म्हणाला म्हणून, गाडीत भरून आणलं होतं.

फोनवर आईला सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "अगं, लाकूड वाळलेलं होतं का? ओल्या सरपणावर भाकरीलासुद्धा धुराचा वास लागतो, तुला काय सांगायचं!"

तिचं खरं होतं. ओल मोजायचं दोन सुयांचं छोटं यंत्र आणलं. ओंडक्याच्या बाहेरच्या अंगाला सुया टोचल्या तर आकडा 17 टक्के आला. मला बरं वाटलं. मग कुऱ्हाडीने ओंडका फोडून ताज्या अंगाला टोचल्या, तर 34! बाहेरून उन्हाने सुकलेलं, पोटात ओलंच. आगीची काही ताकद ते पाणी उकळण्यात जाते, आग थंड राहते, लाकूड नीट पेटत नाही आणि अर्धवट जळलेला पांढरा दाट धूर मांसावर बसतो. आम्हाला त्या दिवशी तो पांढरा धूर बघून कौतुक वाटलं होतं. हवा असतो तो पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर. त्यासाठी ओल 15 ते 20 टक्क्यांच्या आसपास लागते. यंत्र नसेल तर दोन ओंडके एकमेकांवर आपटावेत. वाळलेले टणक, खणखणीत वाजतात, ओले बद्द. वाळलेल्यांच्या टोकांना किरणांसारख्या भेगा पडलेल्या दिसतात.

पण ओल हा एकच दोष नव्हता. शेजारचे आजोबा कुंपणावरून ढीग बघत होते. ते आत आले आणि एकेक तुकडा हातात घेऊन वेगळा ठेवायला लागले. एका तुकड्याचा गाभा लालसर जांभळा होता, ताज्या अंगाला नाक लावलं तर पेन्सिल तासताना येतो तसा वास. हा जुनिपर. इथले लोक त्याला सीडर म्हणतात. सूचिपर्णी कुळातला, तेलकट, काजळी धरणारा. मांसाला चालत नाही. बाजूला.

उरलेल्यात ओक होता, पण दोन जातींचा, आणि साली गळून गेलेल्या. आजोबांनी टोकाकडून बोटभर लांबीचा तुकडा कापला, त्याचं एक तोंड साबणाच्या पाण्यात बुडवलं आणि दुसऱ्या तोंडाने जोरात फुंकर मारली. फेस आला. "हा लाल ओक." दुसऱ्या तुकड्यातून कितीही फुंकलं तरी एक बुडबुडा नाही. तो पोस्ट ओक, पांढऱ्या ओकच्या गटातला. या गटात लाकडाच्या नळ्या आतून पडद्यांनी बुजलेल्या असतात. व्हिस्कीची पिंपं पांढऱ्या ओकची का करतात, ते मला तिथे अंगणात उभं राहून कळलं. त्यांच्या दारातल्या पोस्ट ओकचं पानही त्यांनी दाखवलं, अगदी क्रुसासारखं.

लाल ओक धुराला वाईट नाही. पण टेक्सासात ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग आहे. रोगाने मेलेल्या लाल ओकच्या सालीखाली बुरशी वाढते, तिथून छोटे भुंगे ती निरोगी झाडांच्या ताज्या जखमांवर नेतात. म्हणून लाल ओकचं जळण कुठून आलं, हे विचारल्याशिवाय मी आता घरी आणत नाही. आजोबांच्या दारातलं ते ओकचं झाड शंभर वर्षं तरी उभं असेल, त्याला धोका नको.

चिकनसाठी मात्र मला पेकन आवडलं. अक्रोडाच्या कुळातल्या हिकरीच्याच घराण्यातलं, 1919 पासून टेक्सासचं राज्यवृक्ष. आजोबांनी आदल्या वर्षी छाटलेल्या फांद्या दिल्या, फोडल्यावर ओल 18 टक्के. सुमारे 275 फॅरनहाइटवर आग धरली, कमी उष्णतेत कोंबडीची कातडी रबरासारखी होते. एका वेळी एकच मनगटाएवढा ओंडका. मांसात आत 165 झाल्यावर काढली. तांबूस रंग, मंद गोडसर वास. मुलाने तंगडी मागून घेतली.

राहिलं मेस्कीट. ढिगात त्याचे चार वाकडे तुकडे होते, गर्द तपकिरी गाभा, भोवती पिवळट कड. व्हिडिओ कॉलवर आईला रस्त्याकडेचं झाड दाखवलं, काटे, शेंगा, बारीक पानं. ती म्हणाली, "ही तर आपली वेडी बाभूळ!" माण तालुक्यात माळावर माजलेली ती, आणि ही तिची जवळची बहीणच. त्याचा धूर उग्र, तासन्‌तास दिला तर मांस कडवट होतं. पण चुलीसारखं वापरलं तर? पूर्ण जाळून निखारे केले, जाळी हातभर वर ठेवली आणि बोकडाच्या चॉपा टाकल्या. चरबी निखाऱ्यावर पडून जो वास उठला तो मला थेट आजीच्या परसात घेऊन गेला.

आता शेडखाली दोन रचण्या आहेत, जमिनीपासून वीतभर उंच, वर पत्रा, बाजू मोकळ्या. प्रत्येक ओंडक्याच्या टोकावर खडूने जात आणि फोडल्याचा महिना लिहिलाय. पोस्ट ओकची रचणी पुढच्या दिवाळीपर्यंत हात लावायची नाही.