पद्मिनीला इलेक्ट्रिक फॅन: वायरिंग पूर्ण, दिवे घाट चढून आलो

मंडळी, माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या इंजिन कूलिंगचं काम शेवटी मार्गी लागलं. रेडिएटर मागेच उघडून रॉडिंग (आतल्या नळ्या सळीने साफ) करून घेतला होता, 82 डिग्रीला उघडणारा नवा थर्मोस्टॅट टाकला, होज बदलले, तरी नवले पुलाखाली किंवा सिंहगड रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलं की तापमानाचा काटा वर सरकायचाच, आणि जरा मोकळा रस्ता मिळाला की आपोआप खाली यायचा. म्हणजे रेडिएटर ठीक आहे, हवा कमी पडतेय. पाण्याच्या पंपाच्या पुलीवरचा मूळ पंखा इंजिनच्या आरपीएमवर फिरतो, त्यामुळे गाडी आयडलला उभी असताना हवेची सगळ्यात जास्त गरज असते नेमका तेव्हाच तो सगळ्यात हळू फिरतो, आणि साठ-सत्तरच्या स्पीडला समोरून भरपूर वारा येत असतो तेव्हा मात्र उगाच इंजिनची ताकद खातो. 1089 सीसीच्या इंजिनात मुळात ताकद किती, ती अशी का घालवायची?

आणि हे इंजिन तापू देणं परवडत नाही. ब्लॉक बीडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, एकदा नीट तापलं की हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, उघड्यावर पाणी इथे 98 डिग्रीच्या आसपासच उकळतं. माझी रेडिएटरची कॅप 7 पीएसआय दाबाची आहे, म्हणजे साधं पाणी असेल तर 110 पर्यंत धरून ठेवते, कूलंट असेल तर अजून थोडं वर. पण कॅपचं रबर थकलेलं असेल तर हे सगळं विसरा, पहिल्यांदा कॅप बदला, सगळ्यात स्वस्त काम तेच आहे.

आता फॅन. बरेच जण मारुती 800 चा टाकतात, चांगला आहे, पण तो रेडिएटरच्या मागून हवा ओढणारा. माझ्या गाडीत रेडिएटरमागे त्याची मोटर पंपाच्या नाकाला टेकत होती. पुढे लावून वायरी उलट्या केल्या की हवा उलटी येते हे खरं, पण पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी असतो, उलटा फिरवला की आवाज तेवढाच आणि हवा बरीच कमी. म्हणून नाना पेठेतून एसीच्या कंडेन्सरसाठी येतो तो पुढून ढकलणारा 12 इंची फॅन आणला. बसवायच्या आधी रेडिएटरच्या मागे वर्तमानपत्राचं अर्धं पान धरून बघितलं, फॅन पुढून चालू केल्यावर पान सरळ इंजिनकडे उडायला पाहिजे, उडालं. जाळीतून प्लॅस्टिकचे टाय घालून फॅन टांगायची पद्धत मला अजिबात पटत नाही, गाडीच्या हादऱ्यांनी टाय फिन्सवर घासतो आणि काही महिन्यांत तिथूनच गळती सुरू होते. मी दोन लोखंडी पट्ट्या वाकवून रेडिएटरच्या बाजूच्या फ्रेमला बोल्ट केल्या, मध्ये रबर बुश. पुलीवरचा जुना पंखा काढून नीट गुंडाळून ठेवलाय, टाकून देऊ नका, परत मिळायचा नाही.

खरं काम इथून पुढे. फॅन बसवणं सोपं आहे हो, त्याच्यापर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचवणं हेच काम आहे, आणि बहुतेक गाड्यांमध्ये घोळ इथेच असतो. गल्लीतले इलेक्ट्रिशियन काका म्हणाले, "साहेब, फ्यूज बॉक्समधून डायरेक्ट बटण देतो, दहा मिनिटांचं काम." मी म्हटलं काका, तात्पुरतं तसं जोडून आधी मीटर लावून बघू. इंजिन आयडलला, बॅटरीवर 13.6 व्होल्ट, आणि फॅनच्या पिनांवर 11.4! दोन व्होल्टच्या वर जुन्या वायरी, बटण आणि त्या चिनी मातीच्या फ्यूजच्या गंजलेल्या क्लिपांमध्येच संपले. मोटरचा स्पीड जवळजवळ व्होल्टेजच्या प्रमाणातच चालतो, म्हणजे उभ्या गाडीत हवा पाहिजे तेव्हाच पंखा मरगळलेला. काकांनी मीटर स्वतः हातात घेऊन परत एकदा बघितला आणि म्हणाले, "रिले टाकू." रिले म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. मग आम्ही दोघांनी मिळून केलं.

जोडणी अशी. बॅटरीच्या प्लसवरून 2.5 स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावरच 20 अँपियरचा फ्यूज, कारण फ्यूज वायरला वाचवायला असतो, त्याच्या अलीकडची वायर कुठे घासली तर तिला वाली नाही. तिथून रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला, 87 नंबरवरून फॅनला. 86 ला इग्निशन चालू असतानाच येणारी लाइन, 85 थर्मोस्विचमधून (ठरावीक तापमानाला लागणारा स्विच) अर्थला. पाच पिनांचा रिले असेल तर मधल्या 87ए ला काही लावू नका, रिले बंद असताना तिथे करंट असतो. रिलेची कॉइल जेमतेम दीडशे ते दोनशे मिलिअँपियर घेते, त्यामुळे तिच्या वायरी बारीक चालतात आणि स्विचचे पॉइंट जळत नाहीत. क्लॅम्प मीटर लावून बघितलं तर फॅन सुरू होताना क्षणभर वीसच्या वर झेप घेतो आणि मग 8 अँपियरवर स्थिरावतो. जाऊन-येऊन चार मीटर वायर धरली तर 2.5 च्या वायरीत पाव व्होल्ट जातो, 1 च्या वायरीत अर्ध्याच्या वर.

अर्थिंगला लोक सगळ्यात कमी वेळ देतात. फॅनची मायनस पुढच्या पत्र्याला स्क्रूने लावायची नाही, तो पत्रा रंगाचे थर आणि गंज यांच्यावरच उभा आहे. मी मायनसला स्वतंत्र वायर थेट बॅटरीपर्यंत नेली. वायरीच्या टोकाला लग (धातूचं टोक) क्रिंप करताना, म्हणजे दाबून बसवताना, पक्कडने चेपून भागत नाही, नीट क्रिंपर वापरा, आणि क्रिंप झाल्यावर वायर हाताने जोरात ओढून बघा, तार सरकली तर कापून परत करा. वरून हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. शेवटी फॅन पंधरा मिनिटं सलग चालवून प्रत्येक जोडाला बोट लावून बघितलं, कुठेही चटका नाही. फॅनवर आता 13.2 मिळतात.

थर्मोस्विचची जागा हा दुसरा महत्त्वाचा भाग. पद्मिनीच्या रेडिएटरला त्यासाठी आटे नाहीत, आणि जुन्या पितळी टाकीला डाग देऊन नवीन बॉस (आटे पाडलेला तुकडा) बसवायचं माझ्या मनाला आलं नाही. भोसरीतल्या लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा टर्न करून घेतला, मध्ये एम 22 बाय 1.5 चे आटे, तो वरच्या होजमध्ये कापून बसवला. स्विच 92 ला लागतो, 87 ला सुटतो. थर्मोस्टॅट 82 चा असताना स्विच त्याच्या फार जवळचा घेतला तर फॅन बंदच होणार नाही, आणि खालच्या होजमध्ये बसवणार असाल तर तिथे पाणी गार होऊन येतं, तेव्हा कमी डिग्रीचा घ्यावा लागेल. होजमधल्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी रबर आहे, म्हणजे त्याला अर्थ मिळतच नाही, म्हणून दोन पिनांचाच स्विच घ्या. त्याला पॅरलल एक छोटं बटण डॅशखाली दिलंय, स्विच कधी दगा देईल तेव्हासाठी, आणि 87 वरून एक बारीक एलईडी, फॅनला करंट जातोय हे गाडी चालवताना दिसावं म्हणून.

अल्टरनेटरऐवजी जुना डायनॅमो असलेल्यांनी मात्र घाई करू नका. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने अल्टरनेटर टाकून घेतलाय म्हणून हे जमलं. डायनॅमो आयडलला जवळजवळ काहीच चार्ज करत नाही, रात्री पावसात हेडलाइट, वायपर, इग्निशन आणि वर हे 8 अँपियर म्हणजे सगळं बॅटरीतूनच जाणार. आधी अल्टरनेटर, मग फॅन.

रविवारी भर दुपारी हडपसरहून दिवे घाट चढलो, चौघं जण बसून. फुरसुंगीच्या गर्दीत एलईडी लागला, काटा मधल्या रेघेच्या जरा वर जाऊन थांबला. घाटात एका ट्रकमागे सेकंडमध्ये रांगत होतो तेव्हा फॅन लागत होता, सुटत होता, पण काटा तिथून पुढे गेला नाही. वर आल्यावर सासवडपर्यंत एलईडी एकदाही लागला नाही, आणि पुलीवरचा पंखा गेल्याने थर्डमध्ये इंजिन किती मोकळं बोलतं ते ऐकून फार छान वाटलं.

आता राहिलंय ते रिलेला पावसाच्या आधी नीट झाकण करणं, सध्या तो पिना खाली करून बॅटरीशेजारी बोल्ट केलाय. कुणी पद्मिनीत रिले आणि फ्यूज एकाच डबीत बसवले असतील तर फोटो टाका, डबी कुठली वापरली तेही सांगा.