जोडवाचनाची वही : चंद्र, लोककथा आणि दोन्ही दालनांतले लेखक

मागच्या नोंदीत ठरवल्याप्रमाणे वयाच्या पाट्या पाहून पुस्तकं निवडणं आता पूर्ण थांबवलं आहे. आधी विषय ठरतो. मग त्या विषयावरचं एक मुलांचं आणि एक मोठ्यांचं पुस्तक शोधायचं, दोन्ही बरोबरच घरी आणायची आणि एकाच कप्प्यात शेजारी शेजारी ठेवायची. कोणी कोणतं उचलावं याला बंधन नाही. वाचणारे आम्ही चौघं. धाकटी नुकती जोडाक्षरं न अडखळता वाचू लागली आहे, थोरला अकरा वर्षांचा आहे, मग मी आणि आजी. आजीला ठळक अक्षर आणि भरपूर उजेड लागतो.

या जोड्यांतून माझं एक मत पक्कं झालं आहे. अनोळखी विषयात शिरताना मोठ्यांनीही मुलांचं पुस्तक आधी वाचावं. बत्तीस पानांत विषय मांडायचा म्हटलं की पहिली गोष्ट कोणती सांगायची, याचा निर्णय लेखकाला घ्यावाच लागतो. चारशे पानं हाताशी असली की तो निर्णय पुष्कळदा वाचकाच्या गळ्यात पडतो.

जोड्या शोधताना सर्वांत जास्त कामाला आला तो पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला वर्गांक, म्हणजे विषयानुसार दिलेला आकडा. आपण वर्षानुवर्षं ग्रंथालयात जातो आणि त्या आकड्याकडे लक्ष देत नाही, कारण तो ग्रंथपालांच्या सोयीसाठी असतो असं वाटतं. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये असे आकडे देण्याची दशांश पद्धत प्रसिद्ध केली. जिथे ती वापरतात तिथे लोककथा ३९८.२ ला सापडतात, चंद्र ५२३.३ ला, हवामान ५५१.५ ला, कीटक ५९५.७ ला आणि पक्षी ५९८ ला. बालविभाग निराळ्या खोलीत असला तरी माहितीपर पुस्तकांचा आकडा बहुतेक तोच असतो, फार तर दशांशचिन्हापुढचे अंक कमी केलेले असतात. म्हणून एका खोलीत आकडा पाहून घ्यायचा आणि दुसऱ्या खोलीत त्याच आकड्यापाशी जाऊन उभं राहायचं. तिथे आपण शोधत असलेलं पुस्तक नसलं, तरी त्याचे शेजारी असतात. माझ्या वहीतल्या कितीतरी चांगल्या नोंदी या शेजाऱ्यांच्याच आहेत. तालिकेत नाव टाकून शोधलं असतं तर ती पुस्तकं मला भेटलीच नसती, कारण त्यांची नावंच ठाऊक नव्हती.

कथा-कादंबऱ्यांना हा उपाय लागू पडत नाही. त्या बहुधा लेखकाच्या आडनावानुसार लावतात. त्यांच्यासाठी निराळी वाट काढावी लागली, ती पुढे सांगते.

पहिली पुरी झालेली जोडी चंद्राची. मुलांच्या पुस्तकात कलांची आकृती इतकी नेटकी होती, की टेबलावर दिवा ठेवून हातातला चेंडू स्वतःभोवती फिरवत धाकटीने ती सगळ्यांना करून दाखवली. पुस्तकाच्या शेवटाकडे एकच वाक्य होतं, चंद्र पृथ्वीपासून हळूहळू दूर जातो आहे असं. थोरल्याने लगेच विचारलं, "आई, किती हळू?" मुलांच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. शेजारच्या पुस्तकात होतं, वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर. शिवाय हे मोजलं कसं तेही होतं. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या चांद्रवीरांनी तिथे परावर्तक ठेवला. पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा झोत त्यावर आपटून परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून अंतर काढतात. थोरल्याने त्या जाड पुस्तकातलं ते एकच प्रकरण वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. मला हे फार आवडलं. मोठ्यांचं पुस्तक पहिल्या पानापासूनच सुरू करायला हवं, हे दडपण त्याच्यावर नव्हतं. तो एक प्रश्न घेऊन आत गेला आणि उत्तर घेऊन बाहेर आला.

याच शोधात मायकेल फॅरडे यांच्या मेणबत्तीवरच्या व्याख्यानांपर्यंत पोहोचले. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत लहान श्रोत्यांसमोर विज्ञान मांडायची प्रथा १८२५ मध्ये सुरू झाली. फॅरडे यांची मेणबत्तीवरची सहा व्याख्यानं १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आली. मुलांसाठी बोललेलं हे सगळं आज मोठी माणसं आवडीने वाचतात. एका जळत्या वातीवरून हवा, पाणी, कार्बन आणि शेवटी आपला श्वास, असा त्याचा प्रवास आहे. ही जोडी लावताना दुसरं पुस्तक शोधावंच लागलं नाही. तेच पुस्तक थोरल्याने प्रयोगांसाठी वाचलं आणि मी युक्तिवादासाठी.

लोककथांच्या कप्प्यापाशी मी सर्वांत जास्त रमले आणि या नोंदीतही तिथेच जास्त थांबणार आहे. मुलांचं पुस्तक आणि मोठ्यांचं पुस्तक यांच्यामधली भिंत किती अलीकडची आहे, ते इथे लख्ख दिसतं. ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ चा, दुसरा १८१५ चा. त्यात टिपा होत्या, पाठभेदांची चर्चा होती. जपून ठेवायचा ठेवा म्हणून अभ्यासकांनी केलेलं ते काम होतं. मुलांच्या हाती सहज देता येईल अशी पन्नास कथांची छोटी आवृत्ती १८२५ मध्ये आली आणि तिला त्यांच्याच चित्रकार भावाची चित्रं होती. म्हणजे आपण ज्याला बालसाहित्याचा पाया म्हणतो तो ग्रंथ आधी मोठ्यांच्या दालनात जन्मला.

पंचतंत्राचा प्रवास याहून लांबचा. विष्णुशर्म्याने तीन राजपुत्रांना शहाणं करायला सांगितलेल्या या गोष्टी म्हणजे मुळात राजनीतीचा पाठ. सहाव्या शतकात त्या पहलवीत, म्हणजे इराणच्या जुन्या भाषेत गेल्या, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा यांनी त्या अरबीत नेल्या, आणि तिथून पुढे हिब्रू, लॅटिन असं करत युरोपभर पसरल्या. घरात आम्ही चित्रांची मुलांची आवृत्ती आणि संपूर्ण मराठी अनुवाद असे दोन्ही ठेवले. धाकटीने माकड आणि मगरीची गोष्ट चित्रांतून वाचली. आजीने तीच गोष्ट जाड पुस्तकातून मोठ्याने वाचून दाखवली, मधल्या सुभाषितांसकट. धाकटी म्हणाली, "आजी, तुझ्या पुस्तकात माकड जास्त बोलतं." अगदी नेमकं निरीक्षण आहे हे. मुलांच्या आवृत्तीत घटना राहते आणि वाद गळतो. त्यानंतर ती स्वतःहून "बोलणाऱ्या पुस्तकातली" गोष्ट मागते. सगळं कळत नाही, पण ऐकते.

यावरून मोठ्याने वाचण्याबद्दल थोडं लिहिते, कारण या छंदात असलेले बरेच जण मुलांच्या पुस्तकाची पातळी ठरवण्यात अडकलेले दिसतात. पाच बोटांची युक्ती सगळ्यांना माहीत असेल. मुलाने कोणतंही एक पान वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं आणि पाचही बोटं दुमडली तर पुस्तक सध्या जड आहे असं समजायचं. मूल एकट्याने वाचणार असेल तर ही युक्ती चांगली आहे. आपण वाचून दाखवणार असू तर मात्र ती बाजूला ठेवावी. शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांत मुलाला ऐकून जे समजतं ते वाचून समजण्याच्या खूप पुढे असतं. म्हणून वाचून दाखवायचं पुस्तक मुद्दाम वरच्या पायरीवरचं निवडावं. मोठ्यांसाठी मी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम वापरते. पुस्तकाला पन्नास पानं द्यायची, तोवर मन लागलं नाही तर खुशाल ठेवून द्यायचं. वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करून उरतील तितकीच पानं द्यायची. आजीला हा नियम विशेष पटला आहे.

आता कथा-कादंबऱ्यांची वाट. इथे विषयाऐवजी माणूस धरायचा. एकच लेखक दोन्ही दालनांत लिहितो का, ते पाहायचं. मराठीत अशी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांचं मुलांचं लेखन हे फावल्या वेळातलं काम नाही. विंदा करंदीकरांनी 'स्वेदगंगा' लिहिली, 'अमृतानुभवा'चं अर्वाचीनीकरण केलं, आणि 'राणीची बाग', 'एकदा काय झालं' यांसारख्या बालकविताही लिहिल्या. दोन्हीकडे शब्दाशी खेळण्याची हिंमत तीच आहे. 'काजळमाया' आणि 'पिंगळावेळ' लिहिणाऱ्या जी. ए. कुलकर्णींनी 'बखर बिम्मची' लिहिली. ती वाचून थोरल्याने पुढे काय वाचू विचारलं, तेव्हा मी जी.एं.ची एक कथा निवडून दिली. ती त्याने अर्ध्यावर सोडली. सोडू दे. नाव ओळखीचं झालं आहे, कधीतरी तो परत जाईल.

माधुरी पुरंदरे यांच्यामुळे तर आमचा कप्पा दोन्ही बाजूंनी भरला. धाकटीसाठी त्यांनी स्वतः लिहून चित्रं काढलेल्या गोष्टी, माझ्यासाठी त्यांचं 'पिकासो' हे चरित्र. त्यांनी सिद्ध केलेल्या 'वाचू आनंदे'च्या पुस्तकांत मराठीतल्या नाना प्रकारच्या लेखनातले वेचे आणि चित्रकलेचे नमुने एकत्र येतात. आवडलेल्या उताऱ्याखालचं मूळ पुस्तकाचं नाव टिपून ते पुस्तक शोधायचं, असं थोरल्याचं सध्या चाललं आहे. मुलांच्या पुस्तकातून मोठ्यांच्या पुस्तकांची यादी तयार होते आहे आणि ती मी केलेली नाही, म्हणून तिचा मला जास्त आनंद आहे.

अनुवादकाचा माग काढणं हीसुद्धा तितकीच भरवशाची वाट. मुद्रणहक्काच्या पानावर मूळ पुस्तकाचं नाव, साल आणि अनुवादक असतो. ते पान वाचायची सवय लावून घ्यावी. राम पटवर्धनांचं 'पाडस' आमच्याकडे असंच आलं. मूळ कादंबरी मार्जरी किनन रॉलिंग्ज यांची. १९३८ मध्ये ती आली तेव्हा मोठ्यांची कादंबरी म्हणूनच आली आणि पुढच्या वर्षी तिला अमेरिकेतलं पुलित्झर पारितोषिक मिळालं. नंतर तिच्यावर कुमारांची पाटी लागली. आम्ही रोज थोडं थोडं मोठ्याने वाचतो आहोत. त्यातला मुलगा ज्योडी आणि त्याच्या वडिलांमधलं बोलणं आलं की थोरला एकदम शांत होऊन ऐकतो.

दुसऱ्या भाषांतलं काय शोधावं यासाठी मी पुरस्कारविजेत्यांपेक्षा आयबीबीवाय (इंटरनॅशनल बोर्ड ऑन बुक्स फॉर यंग पीपल) या बालसाहित्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची सन्मानयादी पाहते. येला लेपमन यांनी म्युनिकमध्ये १९४९ साली आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभं केलं आणि त्यांच्याच पुढाकारातून १९५३ मध्ये ही संस्था निघाली. तिची सन्मानयादी दर दोन वर्षांनी येते. तिच्यात लेखक आणि चित्रकारांच्या जोडीला अनुवादकांनाही जागा असते, आणि छोट्या भाषांतली पुस्तकंही दिसतात.

चित्रपुस्तकांकडे मोठ्यांनी कसं पाहावं, याबद्दल एक निरीक्षण. बहुतेक चित्रपुस्तकं बत्तीस पानांची असतात, कारण छापील कागदाच्या घड्या आठ-सोळाच्या पटीत पडतात आणि सोळा पानी दोन फर्म्यांत, म्हणजे छापून घडी घातलेल्या दोन कागदांत पुस्तक बसतं. शीर्षकपान, मुद्रणहक्क वगैरे वजा केलं तर गोष्टीला साधारण बारा ते चौदा जोडपानं उरतात. एवढं समजल्यापासून मी पान उलटण्यापूर्वी थांबते. उजव्या पानावर काय राखून ठेवलं आहे, उलटल्यावर काय उघड केलं आहे, हे चांगल्या चित्रकाराने फार विचारपूर्वक ठरवलेलं असतं. शब्द नसलेल्या चित्रपुस्तकात तर सगळी गोष्टच त्यावर उभी असते. अशी पुस्तकं आजीला आणि धाकटीला एकत्र वाचायला सर्वांत सोयीची पडली. कोणी कोणाला वाचून दाखवायचं नाही, दोघींनी एकाच पानावर बोट ठेवायचं आणि आपल्याला काय दिसतं ते सांगायचं.

भीती, मृत्यू, एकटेपण यांसारख्या विषयांच्या जोड्या अजून नीट जमत नाहीत. त्या कथांमध्ये दडलेल्या असतात आणि त्यांना वर्गांक नसतो. इथे ग्रंथपालांच्या स्मरणशक्तीला पर्याय नाही. "मृत्यूवरचं पुस्तक द्या" असं म्हणण्यापेक्षा "आजोबा गेल्यानंतरच्या घराची गोष्ट आहे का?" असं विचारलं, तर उत्तर जास्त नेमकं मिळतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांपैकी दोन इथे रोज आठवतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. पहिल्यासाठी मी धडपडत होतेच. दुसरं सूत्र आता जास्त मनावर घेतलं आहे. कोणी फारसं न नेलेलं, शेवटचा शिक्का फार जुना असलेलं एक तरी पुस्तक दर खेपेला घेते.

सध्या कप्प्यात हवामानाची जोडी आहे. ढगांचे प्रकार मुलांच्या पुस्तकातून आमच्यापैकी तिघांचे पाठ झाले आहेत. मोठ्यांच्या पुस्तकात वाऱ्यांच्या अभिसरणाचं प्रकरण चालू आहे आणि ते सावकाश जाणार. पक्ष्यांची जोडी त्यानंतर. कीटकांसाठी मुलांचं पुस्तक उत्तम मिळालं आहे, प्रत्येक पानावर प्रत्यक्ष आकाराचं चित्र असलेलं. त्याच्या जोडीला शोभेल असं मोठ्यांचं पुस्तक अजून सापडायचं आहे. नुसती ओळख-पुस्तिका नको, एखाद्या माणसाने मुंग्या किंवा मधमाश्या वर्षानुवर्षं पाहून लिहिलेलं हवं आहे. कोणाच्या वाचनात असं आलं असेल तर लेखकाबरोबर अनुवादकाचंही नाव कळवा.